तीन भोकांचा कागद

संपादकांनी माझ्यावर विश्वास ठेवून हा लेख मागवला. त्यांच्या जागी मी असतो तर मागवला नसता. ज्याची उभी हयात बंदुकीच्या दुकानात गेली त्याने दिवाळीच्या अंकात काय लिहावं, आणि चकली-चिवड्याचं ताट पुढे घेऊन बसलेल्यांनी ते का वाचावं, असं मी त्यांना विचारलंही. ते नुसते हसले. कारण न सांगता कोणी हसलं की मला अजून संशय येतो. तरी लिहितो, कारण एक गोष्ट फार दिवस पोटात राहिली आहे.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि हुकूम नागपुराहून यायचे, तेव्हाची ही हकिकत. खामगावात कचेरीच्या रस्त्यावर अब्बासशेठ बोहऱ्यांचं बंदुका-काडतुसांचं दुकान होतं. शेठ पुढे बसत, मी मागे कानस घेऊन. घोडा अडकला, दस्ता फुटला, नळीला गंज चढला की माल माझ्याकडे यायचा. लोक मला मिस्त्री म्हणत. पुढे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी यायला लागल्या, जर्मन बनावटीच्या, हातभर लांब नळ्या. त्या बसवून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

दुर्बीण घ्यायला येणाऱ्या दहातल्या नऊ जणांचा एकच समज असे: जितकं मोठं दिसेल तितकी चांगली. हा समज काढता काढता माझे केस गेले. दुर्बीण जितकी मोठं दाखवते तितकं थोडं दाखवते. सहापट दाखवणाऱ्या नळीतून तीस पावलांवरचं डुक्कर बघाल तर केस दिसतील, डुक्कर दिसणार नाही. तोंड कुठे नि शेपूट कुठे हे शोधेपर्यंत ते पलीकडच्या शेतात पोचलेलं असतं. शिवाय हात जरा हलला तरी आतलं सगळं जग हलतं. म्हणून माझे तीन प्रश्न ठरलेले. काय मारणार? कुठून मारणार? उजेड कोणत्या वेळेचा?

मोकळ्या माळावर, भर उन्हात, दोनशे पावलांवरचा काळवीट असेल तर चौपट. मचाणावरून दिवेलागणीला डुक्कर किंवा बिबट्या असेल तर अडीचपट, पुढची काच रुंद, आणि आतली खुणेची काडी जाड, कारण बारीक काडी अंधुक उजेडात दिसतच नाही. हाका करून, म्हणजे माणसांकडून रान उठवून, जनावर अंगावर घेणार असाल तर दुर्बीण घरी ठेवा आणि नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेमाचा बारीक उंचवटा, बघून मारा. रायफल दांडगी असेल तर डोळा काचेपासून चार बोटं लांब. हे शेवटचं मी एका गोऱ्या साहेबाला तीनदा सांगितलं होतं. मिस्त्रीने आपल्याला शिकवावं हे त्याला रुचलं नाही. पहिल्याच बाराला दुर्बीण मागे आली, आणि साहेब महिनाभर कपाळावर चंद्रकोर घेऊन कचेरीत बसला. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही.

तीन प्रश्न विचारायचे ते काच निवडायला. पण खरं सांगायचं तर मी उत्तरापेक्षा माणूस जास्त बघत असे. हा खरंच डुकरासाठी घेतोय का? हात कुठे आहेत, नजर कुठे आहे, घाम का येतोय? एकदा एक गुळगुळीत बोलणारा इसम जुनी रायफल घेऊन आला. नंबराच्या जागेवर नवी झिलई बघून मी त्याला चहा पाजत बसवून ठेवलं आणि मागच्या दाराने पोलिसांना वर्दी दिली. माल चोरीचा निघाला. त्या दिवसापासून माझ्या संशयाला फारच मान आला. मुख्य म्हणजे माझ्याकडून.

चुका झाल्या नाहीत असं नाही. दुसरबीडचा एक जण आला आणि म्हणाला, "मला बंदूक नगं, नुसती नळी द्या." कशाला? तर म्हणे, रस्त्यावर नजर ठेवायची हाय. मी लगेच ताडलं की हा वाटमाऱ्यांचा माणूस. त्याला हाकलून दिलं. पुढे कळलं की त्याचं रस्त्याकडेला चहा-भज्यांचं दुकान होतं, समोर साडूचं तसलंच दुकान, आणि मोटारीतून उतरलेली माणसं साडूकडे किती जातात हे त्याला घरबसल्या बघायचं होतं. अब्बासशेठ आठ दिवस हसत होते. "मिस्त्री, तुमको हर गिऱ्हाईक में खूनी दिखता," असं म्हणत. मी त्यातून शिकायला हवं होतं ते शिकलो नाही.

आता माझ्या कामातला एक रिवाज सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दुर्बीण बसवली की मी रायफल गावाबाहेर नाल्यावर नेत असे. दरडीला कागद लावायचा, शंभर पावलांवरून तीन गोळ्या झाडायच्या. दुर्बिणीच्या पकडीला आडवा स्क्रू असतो. तो फिरवून नेम डावीकडे-उजवीकडे सरकवता येतो. तिन्ही भोकं एका राणीछाप रुपयाखाली झाकली जाईपर्यंत मी रायफल देत नसे. मग त्या कागदावर गिऱ्हाइकाचं नाव, रायफलीचा नंबर आणि खाली माझी सही. तो कागद रायफलीबरोबर जायचा. काडतुसं परवान्यावर मोजून मिळत, त्यामुळे पुन्हा नेम तपासण्यात कोणी ती घालवत नसे. कागद आहे ना, मग झालं. आमच्या भागात या कागदाला जवळजवळ पंचनाम्याची किंमत होती.

सोनाळ्याचे भगवंतराव पाटील दुकानात आले ती दुपार मला स्वच्छ आठवते. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची शेती, डुकरांचा त्रास, परवाना जुना, जर्मन रायफल चांगली राखलेली. सगळं रीतसर. पण त्याच दिवशी कचेरीत त्यांच्या दाव्याचा निकाल लागला होता. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, धाकट्या भावाशी सात वर्षं भांडण चाललं होतं, आणि निकाल धाकट्याच्या बाजूने गेला होता. सगळ्या रस्त्यावर तीच बोलणी होती. धाकटा महादेव समोरच कडुनिंबाखाली बैलगाडी सोडून भाकरी खात बसला होता.

"मिस्त्री, सगळ्यात मोठं दिसते ते दाखवा," पाटील म्हणाले.

"काय मारता, पाटील?"

"डुकरं. दुसरं काय? ज्वारी उभी राहू देत नाईत."

"कोठून?"

"मचानावरून. तीस पावलं. लय झालं त चाळीस."

"मंग ही अडीचपट घ्या. सहापट काई कामाची नाई."

"मले सहापटच पाह्यजे."

"काऊन पण?"

"पाह्यजे म्हंतलं ना!" ते एकदम तापले. शेठनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

दुर्बीण दाखवायची आमची पद्धत अशी: रिकामी रायफल लाकडी घोडीवर ठेवायची, तोंड दाराबाहेर, समोरच्या कापसाच्या जिनिंगच्या चिमणीवर रोखून. चिमणीवर पांढरी अक्षरं होती. गिऱ्हाइकाने ती वाचायची. पाटलांनी दस्ता खांद्याला लावला आणि नळी चिमणीवरून खाली आणली. हळूहळू, कडुनिंबाकडे. आणि ती तिथेच थांबली.

रिकामी असली तरी माणसावर रोखायची नाही, हा बंदुकीतला पहिला धडा. "पाटील, चिमणीकडे पाहा," मी म्हणालो. त्यांना ऐकूच गेलं नाही. नळीच्या टोकाला महादेव भाकरीचा तुकडा मोडत होता. पाटलांचा श्वास रोखलेला, जबडा आवळलेला, आणि डोळ्यातून पाणी गळत होतं. मी मनात म्हणालो, हा राग आहे. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "हेच पाह्यजे." मग पावती नाकाशी धरून वाचली, सही करताना तोंड कागदात खुपसलं. मी मनात म्हणालो, आता हा आपलं तोंड लपवतो आहे.

रायफल दुर्बीण बसवायला माझ्याकडे ठेवून ते गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. पोलिसांकडे जावं तर काय सांगणार? पाटलाने दुर्बिणीतून भावाकडे पाहिलं? फौजदाराने मलाच वेड्यात काढलं असतं. शेठना सांगितलं, तर ते म्हणाले, "दुसरबीड याद है ना?" मग मला एक युक्ती सुचली, आणि ती मला फार हुशारीची वाटली.

मी रायफल नाल्यावर नेली. नेम बसवला. तीन गोळ्या, तीन भोकं, रुपयाखाली झाकली. कागदावर सही केली. आणि मग तिथेच बसून आडवा स्क्रू फिरवला, इतका की शंभर पावलांवर गोळी हातभर डावीकडे जावी. कागद मात्र तोच दिला. माझा हिशेब साधा होता. डुकरावर झाडली तर डुक्कर चुकेल आणि पाटील आठ दिवसांत तक्रार घेऊन येतील. मग मी हसत स्क्रू परत फिरवीन आणि त्यांची मनात माफी मागीन. आठ दिवसांत आले नाहीत तर समजायचं की डुकरं नुसतं निमित्त आहे, आणि निदान माणूस तरी वाचेल.

आठ दिवस झाले. पाटील आले नाहीत. नवव्या दिवशी माझी खात्रीच पटली, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला हे खरं आहे.

पाटील आले ते दीड-दोन महिन्यांनी. दाढी वाढलेली, रायफल कापडात गुंडाळलेली. ती त्यांनी काउंटरवर ठेवली आणि शेठना म्हणाले, "हे इकून टाका. मले आता बंदुकीचं काम नाई." मग खिशातून माझा कागद काढला आणि तीन भोकांवर बोट ठेवलं.

"बंदूक खोटी नाई, मिस्त्री. खोटा माहा डोया हाये."

त्यांनी सांगितलं ते असं. दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता. घरात कोणाला बोलले नाहीत, कारण तहशिलीत कळलं तर परवाना जाईल आणि गावात कळलं तर पाटलाचा मान. सहापट दुर्बिणीतून आपल्याला दिसेल एवढीच त्यांची आशा. आणि दिसलंही.

"तुमच्या दुकानात पाह्यलं मी महाद्याले," ते म्हणाले. "सात वर्सं त्याचं तोंड नव्हतं पाह्यलं. म्हंजे गावात दिसे, पन धुरकट. त्या नळीतून पाह्यलं त केस पांढरे झालेले. कोरडी भाकर खाऊन राह्यला होता. दावा जितलेला मानूस, अन् कोरडी भाकर! मी म्हंतलं, आपुन कोनासंगं भांडून राह्यलो बे?"

गावी पोचले त्याच संध्याकाळी ते भावाच्या घरी जेवायला गेले होते. डुकरांवर बंदूक झाडायला सवडच झाली नाही, दोघं मिळून बांध मोडत होते. पुढे महादेवची कालवड बिबट्याने नेली, आणि दोघे भाऊ एका मचाणावर बसले. बिबट्या दिवेलागणीला आला, चाळीस पावलांवर, उजवीकडे तोंड करून. पाटलांनी दुर्बिणीतली काडी त्याच्या खांद्यावर धरली, श्वास सोडला, घोडा दाबला. बिबट्या उलटला आणि घाणेरीच्या जाळीत शिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताच्या मागावर गेले. पाटलांना माग दिसत नव्हता, म्हणून महादेव पुढे झाला. जाळीतून जनावर आलं ते त्याच्याच अंगावर. लोकांनी कुऱ्हाडींनी बिबट्या मारला, पण महादेवचा उजवा हात कोपरापर्यंत चघळला गेला होता. दवाखान्यात तो खांद्याजवळून कापावा लागला.

"फाडून पाह्यलं त गोयी पोटात," पाटील म्हणाले. "खांद्यावर धरली होती मी. मले तसं वाटलं. डोयानं दगा देल्ला. माह्या डोयानं भावाचा हात खाल्ला."

शंभर पावलांना हातभर, म्हणजे चाळीस पावलांना वीतभर. उजवीकडे तोंड केलेल्या जनावराच्या खांद्यापासून वीतभर डावीकडे पोटच असतं. हे गणित मला कागदावर मांडावं लागलं नाही. मी तोंड उघडलं, आणि शेठ शेजारी उभे आहेत, रस्त्यावर माणसं आहेत, दुकानाचं नाव आहे, परवाना आहे, हे सगळं एकदम आठवलं. मी म्हणालो, "काडतूस दमट असंन, पाटील." त्यांनी मान हलवली. "नाई. मी सगळ्याइचा संशय घेऊन पाह्यला. काडतुसाचा, मचानाचा, हाताचा. तुमचा कागद हाये म्हून दुर्बिनीचा नाई घेतला." कागद घडी करून त्यांनी परत खिशात ठेवला. ते गेल्यावर मी रायफल मागे नेली आणि स्क्रू जागेवर आणला. त्याला पेचकसाचे दोन फेरे लागले.

त्यानंतर मी सहा वर्षं काम केलं. एकाही गिऱ्हाइकाला 'काऊन', म्हणजे 'का', म्हणून विचारलं नाही. लोक म्हणायचे, मिस्त्री निवळला.

मग माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. काढून घेतला. पट्टी सुटल्यावर चष्मा लावला तेव्हा आधी भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, मग बायकोचं तोंड. मला पाटील आठवले, नळीला डोळा लावलेले. दोन दिवसांनी मी सोनाळ्याला गेलो.

पाटील ओसरीवर खाटेवर बसलेले, दोन्ही बुबुळं दुधाळ. महादेव एका हाताने बैलापुढे कडबा टाकत होता. मी फक्त "रामराम" म्हणालो, तर पाटील म्हणाले, "मिस्त्री! कानस घासल्यावानी आवाज तुमचाच." चहा सांगितला. मी विचारलं, मोतीबिंदू काढून का नाही घेतला? उत्तर महादेवने दिलं.

"दागदर म्हंते, अजून निंगते. हाच आयकत नाई. म्हंते, ज्या डोयानं तुहा हात खाल्ला, तो डोया मी कायले उघडू."

मी सगळं सांगितलं. कडुनिंब, नाला, स्क्रू, कागद. आवाज खाली न आणता, मधे कुठे न थांबता. एवढं तरी करायचं असं एसटीत बसतानाच ठरवलं होतं. पाटलांनी उशीखाली हात घालून एक कागद काढला. घड्यांवर फाटलेला, पण तीन भोकं शाबूत. त्यांनी ती बोटाने चाचपली.

"मिस्त्री, पुन्हा सांगा. काडी कोठी होती माही?"

"खांद्यावर, पाटील. बरोबर खांद्यावर. म्हणून तर गोळी पोटात गेली. तुमचा नेम चुकला असता तर ती तिथं लागलीच नसती."

ते उठून उभे राहिले. खांबाला धरून अंगणाकडे तोंड केलं आणि केवढ्याने तरी ओरडले, "महाद्या! आयकलं का बे? माहा डोया बराबर होता!"

महादेव चार पावलांवरच उभा होता. त्याने सगळंच ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मीही खाली बघितलं नाही. मग त्याने कडब्याची पेंढी टाकली, ओसरीवर आला, आणि उरलेला हात भावाच्या पाठीवर ठेवला.

"हाव, दादा. बराबर होता," तो म्हणाला. "चाल, आता खामगावले दवाखान्यात जाऊ. उद्याच जाऊ."

पाटील रडत होते की हसत होते ते मला नव्या चष्म्यातूनही कळलं नाही. चहा आला, तो तसाच गार झाला. निघताना मी दारात थोडा थांबलो. 'तुम्ही असं काऊन केलं?' असं ते विचारतील म्हणून मी सहा वर्षं एक उत्तर तयार करून ठेवलं होतं. दोघांपैकी कोणीही विचारलं नाही.